गिरणीच्या उताराची बातमी

३ फेब्रुवारी, मंगळवार

काढून टाकली! माझी बातमी काढून टाकली!

स्कीच्या वाटांची बातमी, सकाळी सात वाजता गावाच्या स्की ग्रुपवर लिहिली होती, गेली अकरा वर्षं लिहिते तशीच. "उणे दोन. तळ्याकडच्या वळणावर दगड उघडे. स्कीची चाकोरी डाव्या बाजूने ढासळली आहे. गिरणीच्या उतारावर बर्फाची निव्वळ काच. गुडघे जुने असतील त्यांनी घरी बसून वॉफल खावेत." यात खोटं काय? नऊ वाजता ग्रुपवर बघते तर गायब.

मग स्टाइनारचा फोन. स्की मंडळाचा अध्यक्ष तो, आणि वरच्या हॉटेलाचा मॅनेजरही. म्हणजे चाकोऱ्या पाडणारं यंत्र त्याचं, आणि त्यावरून घसरायला येणारे पाहुणेही त्याचे. "ओलाउग, जरा चांगलं लिही ना. दोन आठवड्यांत सुट्ट्या लागतात. ऑस्लोची माणसं वाचतात हे."

मी म्हटलं, "मला काय सांगतोस? बर्फाला सांग."

४ फेब्रुवारी

आज साहेबांनी स्वतः बातमी दिली. "सुंदर दिवस! चाकोऱ्या झकास!" सोबत फोटो — ऊन, निळं आकाश, पांढराशुभ्र उतार, कडेला मोठा बर्च.

तो बर्च ऑक्टोबरच्या वादळात पडला! त्याची लाकडं माझ्या शेडमध्ये आहेत!

खाली एवढंच लिहिलं : "अभिनंदन, बर्च उठून उभा राहिलेला दिसतो." शेहेचाळीस जण हसले. संध्याकाळी मलाच ग्रुपमधून काढलं. चोराच्या उलट्या बोंबा.

६ फेब्रुवारी

शेजारची गुन्वोर दुपारी फोन, चष्मा आणि बिस्किटांचा डबा घेऊन आली. फोनमधलं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तासाभरात माझं स्वतःचं पेज! नाव ठेवलं — "जसं आहे तसं".

"बये, पंच्याहत्तरीत बंडखोर झालीस," म्हणाली.

एक्काहत्तर! तिला पक्कं माहीत आहे.

पेजच्या वरती ठळक लिहिलं : इथली बातमी पायांनी जाऊन आणलेली असते, हॉटेलच्या खिडकीतून पाहिलेली नसते. लागायचं तर लागू दे त्याला. या खोऱ्यात अडतीस वर्षं टपाल वाटलं मी. हिवाळ्यात निम्म्या घरांना स्कीवरूनच जावं लागे. कुठे वारा बर्फ उडवून नेतो, कुठे ओढ्याचं पाणी वर येऊन गोठतं, ते मी स्टाइनार दुपट्यात होता तेव्हापासून ओळखते.

९ फेब्रुवारी

तीनशे माणसं! पाद्रीबाईसुद्धा. माझा दंतवैद्यसुद्धा.

एका ऑस्लोवाल्याने विचारलं, "स्कीला कुठलं मेण लावू? एका शब्दात सांगा." एका शब्दात! लिहिलं — उघड्यावर कडक थंडीचं निळं, जंगलात शिरल्यावर कमी थंडीचं जांभळं, आणि दोन्ही खिशात असू द्या. संध्याकाळी त्याची तक्रार : स्की मागे घसरत होत्या. फोटो पाठवला होता त्याने. मेण इतकं जाड थापलेलं, जणू पावावर लोणी. नाचता येईना, अंगण वाकडं.

१० फेब्रुवारी

दुकानात, चीजच्या फळीपाशी, चार माणसांदेखत स्टाइनार म्हणाला, "ओलाउग, लोकांना घाबरवणं बस कर आता. तुझी पोस्टातली नोकरी कधीच संपली."

"नोकरी संपली. पत्ते पाठ आहेत अजून."

घरी येताना वाटेत दोनदा थांबले. रागाने. आणि गुडघ्यानेही, खरं तर.

१२ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणतात गुडघ्यात पाणी झालंय. दोन आठवडे स्की बंद. दोन आठवडे! तेही ऐन सुट्ट्यांत! त्या डॉक्टर पोरीने आयुष्यात कधी सकाळी सहाला कपाळावर दिवा बांधून चाकोरी धरली असेल असं वाटत नाही.

आठशे बारा माणसं आहेत पेजवर. कुणाला काही सांगायचं नाही. गुन्वोरलाही नाही. कालच्यासारखीच आजही जाऊन आले, हळूहळू. उद्याही जाणार.

१४ फेब्रुवारी

गेले. परतताना शेवटचा किलोमीटर काठ्यांवर भार टाकून, अक्षरशः रांगत. पण बातमी सातला गेली, एक मिनिट इकडचं तिकडे नाही. दोनशे जणांनी आभार मानले. त्या दोनशे जणांसाठी गुडघा दिला तरी चालेल.

१५ फेब्रुवारी, रविवार

जिंकले!

स्टाइनार दारात आला. टोपी हातात. मी आत ये म्हटलं नाही, उभा राहू दे. "पाहुणे माझ्या हॉटेलच्या काउंटरवर येऊन तुझं पेज मागतात," म्हणाला. "तो जुना फोटो टाकायला नको होता मी. ग्रुपवर परत ये."

"येते. पण माझं एक अक्षर काढायचं नाही."

"नाही काढणार."

तरी हलेना. मग म्हणाला, "उद्या तूरिडला घेऊन जायचंय. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून दोन हिवाळे ती स्कीवर उभी राहिलेली नाही. डॉक्टरांनी आता परवानगी दिलीय, पण गिरणीच्या उताराची तिला धास्ती आहे. मी म्हणतो चांगला आहे, तर ऐकत नाही. म्हणते, ओलाउगने लिहिलं तरच निघेन."

त्याची स्वतःची बायको! त्याच्या शब्दावर नाही, माझ्या शब्दावर! मग मात्र आत घेतलं त्याला, कॉफी दिली, ब्राउन चीजही कापलं. इतकी खूश मी निवृत्तीच्या दिवशीही नव्हते.

१६ फेब्रुवारी, सोमवार

"उणे सहा. रात्री चार सेंटीमीटर नवा बर्फ. निळं मेण. गिरणीचा उतार मऊ, बिचकत असाल तरी खुशाल या."

सातला पाठवली. गुडघा भोपळ्याएवढा झालाय.

१७ फेब्रुवारी

तूरिड पडली. काल अकराच्या सुमारास, गिरणीच्या उतारावर. तोच खुबा, पुन्हा मोडला. यंत्राच्या मागच्या घसरगाडीवर निजवून खाली आणलं. गुन्वोर म्हणते तिचं ओरडणं तळ्यापर्यंत ऐकू आलं.

पेजवर एकाने लिहिलंय, "मऊ? तिथे तर काच होती!"

मग? सात आणि अकरा यांत चार तासांचं अंतर असतं! वारा सुटला, वरचा नवा बर्फ उडाला, खालची काच उघडी पडली. वाऱ्याला काय मी दावं बांधून ठेवू? आणि दोन वर्षं स्कीवर न चढलेल्या बाईला पहिल्याच दिवशी उतारावर न्यायचं का? सपाटीवर घ्यायचं आधी! हेच लिहिलं उत्तरात, अगदी स्पष्ट. गुन्वोरने खाली जोडलं, "ओलाउगची बातमी पायांनी आणलेली असते." एकशे नव्वद जणांनी तिला दुजोरा दिला.

दिवसभर जेवण गेलं नाही. दोष माझा नाही.

१८ फेब्रुवारी

स्टाइनारने आज ग्रुपवर लिहिलं. सगळ्यांदेखत. "ओलाउगची बातमी बरोबर होती. बर्फ तासातासाला बदलतो. तूरिडला उशिरा नेलं, ही चूक माझी. कृपा करून ओलाउगला कुणी बोलू नये. तूरिडचंही हेच म्हणणं आहे."

कुणी सांगितलं होतं त्याला माझी बाजू घ्यायला! भांड की मेल्या, पूर्वीसारखा! भांडलास तर मला तोंड देता येतं!

गुन्वोर मटणाचं सूप घेऊन आली. "बघ, शत्रूनेसुद्धा मानलं तुला." मी ओरडले तिच्यावर. पातेलं ठेवून गेली.

वारा कधी सुटला ते हवामानखात्याच्या पानावर चार वेळा पाहिलं. रविवारी रात्री दोन वाजता. सात वाजायच्या कितीतरी आधी.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सोमवारी मी गेलेच नव्हते. पाय टेकवत नव्हता. स्वयंपाकघराच्या दारातून माझ्या पायरीवरचा बर्फ पाहिला आणि तोच उतारावरही असेल असं धरून चालले. "खुशाल या" हे तूरिडसाठी मुद्दाम लिहिलं, स्टाइनारला दिसावं म्हणून.

आजची बातमी हीच. लिहून ठेवली आहे, अजून पाठवलेली नाही. आधी दवाखान्यात जाऊन तूरिडला तोंडाने सांगायचं. बस साडेसातला आहे.