कपाळ तेवढं राहिलं

सांगली, ४ नोव्हेंबर ७६
ऊस वाहणाऱ्या गाड्यांचे नंबर रंगवले. दुपारी किराणा दुकानदार बोर्ड न्यायला आला. पसंत पडला. पण नेहमीचंच, "वरचं श्री तेवढं वहिनींना काढू द्या, पेंटर." देवाचं अक्षर पायानं कसं चालेल! कमलनं काढलं. बायकोचं श्री दरवेळी एका बाजूला कलंडतं. कुणाची तक्रार नाही. हाताचं आहे ना.
काही वर्षांमागं माधवनगरला बोर्ड लावताना शिडी विजेच्या तारेला लागली, दोन्ही हात खांद्यापासून गेले. अक्षरं पायात उतरली. हे लिहितोय तेही पायानंच, म्हणून थोडक्यात.

९ नोव्हें.
आईला मिरजेला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, खाईल ते द्या. टांग्यात ती मलाच विचारते, "तू जेवलास का रं?"

१० नोव्हें.
आई म्हणाली, "दत्ता, माजा फोटू कवाच न्हाई निघाला. तूच काड."
कमल म्हणाली, स्टुडिओवाल्याला घरी बोलावू.
"आन् ल्योक पेंटर हाय त्यो कशाला?"
झोपेत तिला पाय लागला तरी उठून नमस्कार करायचो. आता तिच्या तोंडावरून पाय फिरवू?

१४ नोव्हें.
दातात ब्रश धरून बसलो. मान आखडली, लाळ कॅनव्हासवर. आईनं बघितलं. "ही तुजी आत्ती हाय व्हय?" हसली, मग पोट धरून वाकली. कॅनव्हास खरवडून टाकला. फार राग आला, कुणाचा ते कळलं नाही.

१५ नोव्हें.
सांगून टाकलं, आये, पायानं तुझं चित्र मला जमणार नाही, पाप वाटतं.
"पोटात व्हतास तवा लय लाथा मारल्यास. तवा न्हाई लागलं पाप? बस मुकाट्यानं."
बसलो. रडू आलं तर कमलनं डोळे पुसले.

२० नोव्हें.
पदर, कान, हनुवटी झाली. "एवडी काळी हाय व्हय मी?" म्हटलं, हाईस. खूश झाली. टर्पेंटाइनच्या वासानं तिला मळमळतं, तरी खाट हलवू देत नाही.

२६ नोव्हें.
डोळे जमले. हातानं इतके कधी जमले नसते. हे कुणाला सांगायचं नाही, इथं लिहून ठेवतो.
कपाळ अजून कोरं. तिथलं हिरवं गोंदण तेवढं उरलंय. पाय तिथवर नेतो नि थांबतो. रोज तिच्या पायावर टेकवायचं ते माझं कपाळ, आणि इथं हे उलटं.
"माजं गोंदण कुटं गेलं रं?"
"उद्या करतो."
"उद्या उद्या करू नगंस."

१ डिसेंबर
आई गेली. सकाळी, चहा तोंडाला लावला आणि.
मडकं माझ्या खांद्यावर ठेवलं, धरलं मामेभावानं. सगळे माझ्याकडे बघत होते. आईकडे कुणी बघेना.

८ डिसेंबर
कुंडलचे मामा चित्रासमोर बराच वेळ उभे होते. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. म्हणाले, "अक्का बोलंल आता." मग कुणीतरी त्यांना सांगितलं वाटतं, कशानं काढलंय ते. संध्याकाळी आले, "तेराव्याला ह्ये म्होरं ठेवायचं न्हाई. मानसं नमस्कार करणार. कुनाला, तुज्या पायाला?"


११ डिसें.
मामा नरमले. मलाच समजावतात, "कपाळ ऱ्हायलंयच न्हवं? तेवडं सूनबाईच्या हातचं असू दे. मग कोन काय म्हननार न्हाई. हार घालू." वाईट माणूस नाही. बहिणीसाठी येऊन राहिलाय, एकवेळ जेवतो.
आईच्या कपाळावरही कलंडलेलं श्रीच म्हणायचं की हे.
पण हार नाही, दिवा नाही, असं तिला कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवू?

१२ डिसें.
उद्या तेरावं. बाहेर पत्रावळ्या येऊन पडल्यात. कमलनं वाटीत हिरवा कालवला, गोंदणाला जुळेपर्यंत. ब्रश घेऊन उभी राहिली.
"मी लावू?"
मी वाटीकडे बघितलं.
"तुम्ही सांगाल तसं. मामांचं मी बघते."
चित्रातली आई दोघांकडे बघते आहे, कोऱ्या कपाळानं.
कमलला म्हटलं, ब्रश खाली ठेव, माझ्या पायाशी.
ठेवला तिनं. मामांना चहा द्यायला गेली.
अजून उचललेला नाही. वाटीतल्या रंगावर साय धरायला लागली आहे.