उजवं पुढचं चाक

६ फेब्रुवारी १९९५, सोमवार
सकाळी ११ वाजून २० मिनिटं. गॅरेजमालक पांडेजी (पुढे नुसतं पां.) यांनी माझ्यादेखत माझ्या गाडीच्या जॉबकार्डावर लिहिलं: "कोई आवाज़ नहीं। मैडम को वहम है।" वेळ मुद्दाम टिपून ठेवते. तक्रारीला तारीख-वेळ नसेल तर ती नुसती कुरकुर, असं कॉन्व्हेंटात सिस्टर सांगायच्या.

तपासणी काय केली? पां. माझी गाडी घेऊन गॅरेजपासून चौकापर्यंत गेले आणि परत आले, मी शेजारी. एक हात भोंग्यावर. सायकली, रिक्षा, मध्ये आडवा बसलेला बैल. काटा वीसच्या वर गेला नाही. म्हटलं, आवाज चाळिसाच्या पुढे येतो, बाबतपूरच्या रस्त्यावर चला.
"माताजी, बनारस में चालीस पर कौन चलाता है?"
"मैं."
सगळं गॅरेज हसलं.

संध्याकाळी श्रीधर (पुतण्या, वरच्या मजल्यावर राहतो, बँकेत आहे) कार्ड वाचून खूश. "काकू, आपलं ठरलं होतं. गॅरेजनं काही नाही लिहिलं तर गाडी विकायची आणि तुम्ही कान दाखवायचे."
ठरलं होतं खरं. रागाच्या भरात, सगळ्यांसमोर, शब्द मीच दिला. गिऱ्हाईक १९ला, रविवारी, येणार.
विचारलं, वन्संना दर सोमवारी अमृतराव घाटावर स्नानाला कोण नेणार? गुडघ्यांमुळे त्यांना रिक्षात चढता येत नाही. म्हणाला, "देखेंगे ना." म्हणजे नाही.

८ फेब्रु., बुध.
एकटीच बाबतपूर रस्त्याला. पंचेचाळीसवर घूं असा आवाज सुरू. गाडी डावीकडे वळवली की वाढतो, उजवीकडे वळवली की दबतो. म्हणजे भार उजव्या अंगावर आला की ओरडतो. उजवं पुढचं चाक, बेअरिंग. तीस वर्षं मुलींना गणित शिकवलं, एवढं मला कळतं.
पण आरोप माझ्या कानांवर आणि पुरावा म्हणजे माझेच कान. कोर्टात टिकणार नाही.

९ फेब्रु., गुरु.
श्रीधर बँकेत गेल्यावर पोर्चमध्ये जॅक लावला. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय: उचललेलं चाक एका हातानं फिरवा, दुसरा हात वरच्या स्प्रिंगवर ठेवा. मला खरखर लागली. मला लागणारच.
मग सुचलं. वन्संना हाक मारली, म्हणजे जाऊन खांद्याला हात लावला. नणंदबाई शहात्तर वर्षांच्या, ठार बहिऱ्या. बोलायचं तर पाटीवर लिहावं लागतं. आज मुद्दाम काहीच लिहिलं नाही. आधी डावं चाक उचलून त्यांचा तळवा स्प्रिंगवर ठेवला, चाक फिरवलं. मग उजवं.
वन्सं: "पहिलं बरंय. कमल, या जात्यात खडा आहे गं."
वहम म्हणे. बहिऱ्या बाईच्या हातालासुद्धा वहम होतो वाटतं.

११ फेब्रु., शनि.
काल नदेसरहून नवी बेअरिंगं आणली, आतलं आणि बाहेरचं. दुकानदार, "किसके लिए?" माझ्यासाठी. आणखी काही विचारलं नाही.
आज चाक काढलं. ग्रीसची टोपी, पिन, नट, आणि सगळं हातात आलं. रॉकेलनं धुतलं. आतल्या बेअरिंगच्या रोलरांवर देवीचे व्रण असावेत तसे खड्डे. खिडकीत उन्हाला धरून किती वेळ बघत बसले. इतकं सुंदर काही बरेच दिवसांत पाहिलं नव्हतं.
जुन्या बेअरिंगांची बाहेरची कडी मात्र चाकात घट्ट बसलेली, हटेनात. मऊ धातूची सळई हवी. देवघराच्या पडद्याची भरीव पितळी दांडी काढली. वन्सं कुरकुरल्या, मग स्वतःच दांडी धरून बसल्या. मी हातोडा. अकराव्या घावाला पहिलं कडं पडलं.

१२ फेब्रु., रवि.
नवी कडी बर्फाच्या कप्प्यात ठेवली, आक्रसतात. श्रीधर पाणी घ्यायला आला. "काकू, फ्रीज में लोहा?" म्हटलं, दार लाव, गार होऊ दे. तासाभरानं कडी चार ठोक्यांत बसली. पडद्याची दांडी कायमची वाकडी.

१३ फेब्रु., सोम.
चाक बसवून दोघी स्नानाला. गोदौलियाला उतरले, चाकाच्या टोपीला हात लावला, चटका बसला.
घरी येऊन पुस्तक पुन्हा काढलं. पान ४१ तळाशी: नट पूर्ण आवळा. पान उलटल्यावर: आणि मग एक खाच सैल करा. पेपराचं मागचं पान न पाहणाऱ्या मुलींना आयुष्यभर झापलं. हे इथंच राहू दे.
दुपारी वन्संनी चाक फिरवत ठेवलं, मी एक खाच मागे घेतली. नवी पिन.

१४ फेब्रु., मंगळ.
बाबतपूर रस्ता. मागे वन्सं, शेजारी श्रीधर. पन्नास, पंचावन्न. काही नाही. नुसता वारा. परत आल्यावर टोपी कोमट.
श्रीधर म्हणाला: "मग पांडेजींचंच बरोबर ना. आवाज कुठाय?"
जुनं बेअरिंग त्याच्यापुढे धरलं. म्हणे, ठरलं होतं ते गॅरेजच्या लेखी कागदावर. त्यांनी चूक लिहून दिली तर रविवारच्या गिऱ्हाईकाला नको म्हणून सांगतो. भाऊजींचा मुलगा आहे, वकील व्हायला हवा होता.

१५ फेब्रु., बुध.
जुनं बेअरिंग डब्यात घालून गॅरेजात. पां.नी बोटावर फिरवलं. पुन्हा फिरवलं.
"किसने खोला?"
"मैंने. और मेरी ननद ने."
कोणी हसलं नाही. मिस्त्री उठून बघायला आला आणि पां.कडे बघत राहिला.
"ख़राब है, माताजी. मान लिया. चाय लीजिए."
"लिखिए."
"लिखा हुआ कैसे काटें? ज़बानी मान लिया न."
चहा घेतला नाही.

१६ फेब्रु., गुरु.
पत्र टाइप केलं, स्वतः नेऊन दिलं, पोच घेतली. मजकूर इथं मराठीत उतरवते:

"महाशय, ६ फेब्रुवारीला सकाळी ११.२० वाजता आपण माझ्या जॉबकार्डावर केलेली नोंद खोटी आहे, हे आपण काल आपल्या माणसांसमोर मान्य केलंत. ती नोंद आपल्या हातानं, सहीनिशी खोडावी आणि तिथेच लिहावं की उजव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग झिजलेलं होतं आणि ते मालकिणीनं घरी बदललं. 'माताजी' लिहू नये, माझं पूर्ण नाव लिहावं. लेखी उत्तर शनिवार, १८ फेब्रुवारी, दुपारी बाराच्या आत माझ्या हाती पडावं."