चिंध्यांच्या ढिगातला उपकारकर्ता

तीर्थस्वरूप भाऊजींस शिरसाष्टांग नमस्कार.

आपला गुडघा कसा आहे? ताईचा खोकला थांबला का? आम्ही मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, पण तसं काही नाही.

माझ्या शिलाईखोलीत चिंध्यांच्या ढिगात साप निघाला, तेव्हा आपण फोनवर म्हणालात की घाबरू नका, तो बिनविषारी आहे, उलट विषारी सापांना खातो, राहू द्या. आपण जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलंत, मी विजारी शिवल्या, तेव्हा वाद घालणं मला शोभत नाही. पण विषारी साप खाणाऱ्याने मुक्कामाला माझंच घर का निवडावं? आला तेव्हा सडपातळ होता. बघता बघता कमरेला चांगला दोन बोटं वाढला (साप सगळा कंबरच असतो म्हणा, पण मापात माझी नजर चुकत नाही). म्हणजे जेवणाची सोय होत होती. कसली, ते मागच्या आठवड्यात कळलं. मोरीच्या तोंडाशी एका विषारी सापाचं शेपूट त्याच्या जबड्यातून लोंबत होतं, आणि तो माझ्याकडे असा बघत होता की जणू मीच न बोलावता पंगतीत शिरलोय. भाऊजी, त्याआधी इतक्या वर्षांत या घरात मी विषारी साप पाहिला नव्हता. मला दाट संशय आहे की हा आपला डबा बरोबर घेऊनच आला.

आमची ही मात्र त्या दिवसापासून पूर्ण त्याच्या बाजूची झाली. घरात कोणीतरी कामाचं आहे, असं गिऱ्हाइकांसमोर म्हणू लागली. (काजं मी करायची, कौतुक त्याचं.) दुपारी मला मशीन बंद ठेवायला लावायची, आवाजाने बिचाऱ्याची झोपमोड होते म्हणून. बिचारा हा शब्द तोवर तिने माझ्यासाठी राखून ठेवला होता.

थोडा संशय आपल्यावरही आहे, राग नसावा. साप इतका गुणी, तर आपण तो आपल्या घरी का नाही ठेवलात? दुसऱ्याच्या घरातल्या सापाबद्दल एवढा मोठेपणा मला पटत नाही.

ताईला नमस्कार सांगावा आणि गार पाणी पिऊ देऊ नये.

आपला आज्ञाधारक पण सावध
मेहुणा

ता. क. ताईला मागच्या अंगणातल्या लाकडांच्या ढिगाकडे तूर्त पाठवू नये. रविवारी आपण दोघं बाहेर गेला असताना मी पोतं घेऊन येऊन गेलो. परतताना पोतं रिकामं होतं. घाबरायचं कारण नाही, तो बिनविषारी आहे, हे आपलंच मत.

ता. क. दुसरा. आज सकाळी मोरीत विषारी साप निघाला आणि अजून तिथेच आहे. हे मी मशीनवर बसून, पाय वर घेऊन लिहितो आहे. पत्र आणणारं गिऱ्हाईक आपल्या दारात थांबेल, त्याच्याजवळ तेच पोतं आहे. आमच्या पाहुण्याला समजावून त्यात घालावं आणि तोंड घट्ट बांधावं. आत काय आहे ते गिऱ्हाइकाला सांगू नये, त्याचा कोट अजून व्हायचाय. एवढं कराच, भाऊजी. पाहुणा घरात नाही हे कळल्यावर ही माहेरी गेली आहे आणि तिच्याशिवाय मला घर खायला उठतं. जाताना म्हणाली, घरात कोणी कामाचं आलं की कळवा, मी येते. मी दारातच उभा होतो.