पाचशे बाराचा शिक्का

सर,

तुम्ही असतात तर हे विचारायची माझी छाती झाली नसती. आता तुम्ही उत्तर देणार नाही म्हणूनच धीर आलाय, हे आधीच सांगून टाकते. मला तुमच्याबद्दल शंका आहे. मार्च संपत आला तशी ती मनात शिरली आणि आता खरकट्यावरच्या माशीसारखी हाकलली तरी परत येऊन बसते. तक्रार करायला जागा नाही, कारण शंका घ्यायला मला तुम्हीच शिकवलंत. त्याआधी मी बरी होते, जो जे सांगेल ते ऐकून घ्यायची.

सेलूच्या कॉलेजातला अकरावीचा पहिला तास. तुम्ही पुस्तक उघडत नाही. टेबलावर तीन पितळी गंज ठेवलेत, एकात गरम पाणी, एकात माठातलं, मधल्यात कोमट. पहिल्या बाकावर मी, म्हणून मलाच उठवता. एक हात गरमात, एक गारात, थोडा वेळ थांब, आता दोन्ही मधल्यात घाल. "सांग, पाणी कसं हाय?" मी गडबडते. एका हाताला गार लागतंय, दुसऱ्याला गरम, आणि पाणी तर एकच. तुम्ही वर्गाकडे वळता. "पाह्यलं? हात खोटं बोलते. उष्णता शिकाची म्हणजे या हातावर शक घ्याचा. फिजिक्स म्हणजे दुसरं काई नाई, पोरंहो, शक घेणं हाय." मग वर्षभर तेच. यामिकी सुरू झाली तेव्हा टेबलावरचा खडू दाखवून म्हणालात, हा निवांत पडलाय असं वाटते न, पण पृथ्वी त्याले खाली ओढून राह्यली अन् टेबल वर रेटून राह्यलं, भांडण बरोबरीत हाय म्हणून शांतता हाय. प्रकाशाच्या धड्यात डोळ्याची पाळी, पेल्यातल्या पाण्यात पेन्सिल मोडकी दिसली. वीज तर दिसतच नाही, तिच्यासाठी मीटर, आणि मीटरचा काटा आधी शून्यावर आहे का ते बघा म्हणून त्याच्यावरही शक. अणूच्या धड्याला मात्र तुमचा आवाज खाली यायचा. "इथं आपल्या अकलेवरच शक घ्या लागते," म्हणायचात, आणि खिडकीतून बाहेर बघायचात. तुम्हालाच तो धडा समजलेला नाही, असं आमच्यातली काही टवाळ पोरं म्हणायची.

मुद्द्यावर येते. बारावीचं अनुनाद नळीचं प्रॅक्टिकल. नादकाटा रबरावर आपटायचा, नळीच्या तोंडाशी धरायचा, आतल्या पाण्याची पातळी हळूहळू खाली न्यायची. एका जागी आवाज एकदम भरून येतो. तिथवरची हवेची लांबी मोजायची, काट्यावरच्या शिक्क्याचा आकडा घ्यायचा, गणित करायचं, की आवाजाचा वेग निघतो. आमच्या काट्यावर पाचशे बाराचा शिक्का होता. म्हणजे सेकंदाला पाचशे बारा वेळा थरथरणार. सगळ्या वर्गाचं उत्तर साडेतीनशेच्या आसपास आलं. येणारच, सगळ्यांच्या हातात मागच्या वर्षीच्या पोरांची जर्नलं होती. माझं आलं तीनशे बहात्तर.

तुम्ही माझी वही वर धरलीत आणि अख्ख्या लॅबला ऐकू जाईल असं म्हणालात, "साऱ्या वर्गाचा आवाज एका वेगानं चालून राह्यला, तुझाच काऊन एवढ्या घाईत हाय वं? जा, परत घे." पोरं खिदळली. मी परत घेतलं, परत तेच. तिसऱ्यांदा तेच. नळीवर टपटप डोळ्यातलं पाणी पडत होतं आणि मला लाज वाटत होती, पण उत्तर बदलायचं सुचलं नाही. हट्ट म्हणा, मठ्ठपणा म्हणा. शेवटी तुम्ही सही केलीत.

पुढच्या आठवड्यात तुम्ही लॅबमध्ये आलात, तो काटा उचललात आणि म्हणालात, "हा खोटा हाय. याले मी बुडाशी कानस लावेल हाय. शिक्का पाचशे बाराचा, पण थरथरते चारशे ऐंशीच्या आसपास. म्या मुद्दाम ठेवला होता. तुमच्यापैकी एकीनंच खरं लिहिलं." आणि माझ्याकडे बोट. अरे बाप्पा! त्या दिवशी मी घरी चालत गेले की उडत, आठवत नाही.

आणि तुम्ही तेवढ्यावर थांबला असतात तर आज मी हे लिहीत बसले नसते. पण बारावी झाल्यावर तुम्ही बाबांच्या चपलांच्या दुकानात आलात. बाबांनी माझ्यासाठी हिंगणघाटचं स्थळ जवळजवळ पक्कं केलं होतं. गिऱ्हाईक चप्पल घालून बघतं त्या बुटक्या स्टुलावर तुम्ही गुडघे छातीशी घेऊन बसलात. बाबा म्हणाले, "पोरीले फिजिक्स कायले पाह्यजे मास्तर? भाकरी का आवाजाच्या वेगानं भाजते?" तुम्ही हसला नाहीत. काट्याची गोष्ट सांगितलीत. साऱ्या वर्गात एक पोरगी, जी रडली पण आकडा बदलला नाही. बाबा म्हणजे असा माणूस की कुणी चप्पल आणून "काल नेली अन् आजच तुटली" म्हटलं तर आधी तळवा उलटा करून झीज बघायचे. कुणावर विश्वास नाही. त्यांनी तुमच्याकडे नुसतं बघितलं आणि म्हणाले, "तुमी सांगून राह्यले म्हणून मानतो." हिंगणघाटला नकार गेला. मी नागपूरला गेले, एमएस्सी केलं, आज वर्ध्याला पोरांना फिजिक्स शिकवते. नोकरी लागली तेव्हा तुम्ही तोच काटा वर्तमानपत्रात गुंडाळून दिलात. "घेऊन जाय. इथं राह्यला त पोरं फसतीन." तो माझ्या कपाटात आहे. तपासावा असं कधी मनातही आलं नाही. तुम्ही सांगितलं होतं न.

तर मार्च. कारंजा घाडग्याला प्रॅक्टिकलची परीक्षक म्हणून गेले होते. परतताना हायवेवर चहाला थांबले, तर गल्ल्यावर आपल्याच कॉलेजचा एक विद्यार्थी, माझ्यानंतर दोन वर्षांनी तुमच्याकडे शिकलेला. आता धाबा त्याचा आहे. मॅडम मॅडम करत त्याने पोह्यावर लालभडक तर्री ओतली आणि समोर बसला. तुमचा विषय निघाला तसा त्याचा चेहरा उजळला.

"मॅडम, तुमाले सांगतो, भिंगाच्या प्रॅक्टिकलले माझं उत्तर सगळ्यायहून येगळं आलतं. सरनं मले भल्लं झापलं. अन् आठ दिवसानं काय म्हणते? का भिंग म्याच बदलवलं होतं, तू एकट्यानंच खरं लिहिलं! तेव्हापासून मी कोणाले भेत नाई. आजबी तेलाचा डबा मोजल्याबिगर उतरवून घेत नाई."

मी विचारलं, "खरंच बदललं होतं का रे त्यांनी?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी देवळात चपला घालून शिरले. "सर खोटं बोलतीन काय?"

तिथून वर्ध्यापर्यंत पाल चुकचुकत राहिली. आधी झापायचं, मग आठ दिवसांनी तेच वाक्य. सापळा मुद्दाम लावला होता, तर मला तीन-तीनदा परत का पाठवलंत? खरं लिहिणाऱ्या पोरीला साऱ्या लॅबसमोर रडवायचं, हा कुठला सापळा? आणि मी तेव्हा बुटकी, नळी उंच टेबलावर. मान वर करून रीडिंग घेतलं तर सेंटीमीटरभर फरक सहज पडतो, हे मीच आता पोरांना ओरडून सांगते. तीनदा तीच चूक केली तर तीनदा तेच उत्तर येणार, त्यात कौतुक काय?

शेवटी जुलैत राहवेना म्हणून सिंदी मेघ्याला तुमच्या घरी, बाईंकडे गेले. बाई आता थकल्या आहेत, पण जीभ शाबूत आहे. इकडचं तिकडचं बोलून मी हळूच विचारलं, सरांना हत्यारं चालवायची सवय होती का हो, कानसबिनस?

"यायले?" बाई हसता हसता खोकल्या. "माय, घरातला फ्यूज मी बांधत होती. यायले खिळा ठोकाले सांगा, त बोट ठोकत होते. कानस कुठची?" मग म्हणाल्या, "लॅबमध्ये काय करत होते ते देवाले ठाऊक. पण एखादं पोरगं रडलं का त्या दिवशी यायले जेवण जात नव्हतं. ताटावर बसत अन् उठत."

मी चहा तसाच ठेवून उठले. काय समजायचं सर मी? शंभरातला एक मार्क फुकट न देणारे तुम्ही, दशांश चिन्ह चुकलं तर पान फाडणारे तुम्ही, एका रडणाऱ्या पोरीसाठी साऱ्या वर्गाला थाप मारलीत? आणि मग तीच थाप स्टुलावर बसून माझ्या बापालाही? मला तुमचा राग आला. दोन दिवस वर्गात मी पोरांवर उगाच खेकसत होते. माझं अख्खं आयुष्य ज्या खांबावर उभं आहे तो खांब तुम्ही दया म्हणून रोवला असेल, तर मी कोण? हिंगणघाटला जाऊन सुखाने लोणचं घालत बसले असते की.

सोक्षमोक्ष लावणं आता पोरखेळ आहे. मोबाइलवर एक अ‍ॅप येतं. काटा वाजवायचा, फोन जवळ धरायचा, किती वेळा थरथरतो तो आकडा समोर. माझी पोरं रोज करतात. परवा लॅब रिकामी झाल्यावर मी दार लोटलं आणि काटा कपाटातून काढला. कानशीच्या खुणा बघायच्या म्हटलं तर सगळीकडे गंज चढलेला, काही कळत नाही. रबरावर आपटला. तो वाजला. फोनवर आकडे नाचायला लागले, आता स्थिर होणार, तेवढ्यात मी दोन बोटांनी काटा दाबून धरला आणि आवाज बंद केला.

चारशे ऐंशी निघालं असतं तर मी खरी, माझं रीडिंग खरं, आणि तुम्ही नुसते हुशार मास्तर. पाचशे बारा निघालं असतं तर मी चुकलेली, पण तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. माझ्यासाठी असं दुसरं कुणी कधी काही केलेलं नाही. मला दोन्ही हवंय सर, आणि मोजलं की एक जातं. हे काही फिजिक्सच्या बाईला शोभणारं बोलणं नाही, मला माहीत आहे.

हे पत्र टाकायचं तर सिंदी मेघ्याच्या पत्त्यावर टाकावं लागेल. बाई वाचतील, आणि या वयात त्यांच्या डोक्यात किडा नको. राहू दे माझ्याचजवळ.

उद्या बारावीच्या पोरांना अनुनाद नळीचं प्रॅक्टिकल आहे. दरवर्षीसारखी मी तुमची गोष्ट सांगणार. आणि यंदाच्या वर्गात एक फार चौकस पोरगी आहे, ती हात वर करून विचारणारच, "मॅडम, तुम्ही स्वतः मोजून पाह्यलं का?" मी हो म्हणणार आहे.