कॅरिअर नसलेली सायकल

६ मार्च, रविवार
कडा रोडनं घाटापर्यंत जाऊन आलो. परतताना ऊन लागलं, अजून सकाळ सरली नव्हती तरी. डॉक्टरांनी (दातांचे. सायकल ग्रुप त्यांचाच, आम्ही नुसते मागं पळणारे) चहाला थांबल्यावर जाहीर केलं की एप्रिलमध्ये ग्रुपचा वाढदिवस करायचा. हॉलमध्ये, घरच्यांना घेऊन. प्रत्येकानं दोन मिनिटं बोलायचं, ‘मी हीच सायकल का घेतली’.
वकीलसाहेब म्हणाले, सोप्पंय, ढेरीमुळं. सगळे हसले. डॉक्टरांची फ्रेम कार्बनची, ती ते एका बोटावर उचलून दाखवतात, दर रविवारी, नेमानं. मग मला विचारलं, मिलिंद, तू? म्हणलो, गिअर. घाट. खड्ड्यात शॉकअप बरा पडतो. माना हलल्या. इतकं सफाईदार खोटं मी दूध संघात फॅटवरून भांडणाऱ्या गवळ्याशी पण बोलत नाही.
खरं कारण रेखाला सुद्धा ठाऊक नाही. बायको असून. इथं लिहावं म्हणून वही उघडली अन् आता…
उद्या.

८ मार्च
काल टाळलं. आज लिहून टाकतो.
संक्रांतीला मुनीरभाईच्या सायकलच्या दुकानात गेलतो तेव्हा पहिलं वाक्य काय बोललो? किंमत नाही विचारली, गिअर नाही. म्हणलो, ‘जिला कॅरिअर बसणारच नाही अशी दाखवा.’ मुनीरभाई हसले, ‘साहेब, लोक उलटं मागतेत.’ मग ही लाल काढली. मागं नट लावायला भोकंच नाहीत. दांडी तिरपी, पुढं पोरगं बसवायची पण सोय नाही. बघितली अन् पसंत.
कारण दादा. माझे वडील. त्यांनी उभा जन्म काळ्या चोवीस इंचीवर काढला. सकाळी वस्तीचं दूध संघात, अन् दुष्काळ पडला की सगळ्या वस्तीचं पाणी. शाळेत मी ‘कॅनवाल्याचं’. नाव होतं मला, पण ते फक्त हजेरीला. त्याच कॅरिअरवर दोन कॅनच्या मधी बसून शाळेत जायचो अन् फाटकाच्या अलीकडंच उतरून घ्यायचो. दादा म्हणायचे, आत सोडतो की. मी म्हणायचो, नको.
आता त्याच संघात मला खुर्ची हाय, पंखा हाय. पण दुष्काळात सायकलवाला दिसला की लोक म्हणतात, जाता जाता एक कॅन आण की. मला तसं कुणी म्हणायला नको होतं. बस्स, एवढंच कारण. दोन मिनिटं भरायला पण पुरत नाही.
गावाकडं ही सायकल अजून नेली नाही. गावी एसटीनं जातो. का ते आता वहीला सांगायला नको.

११ मार्च
संकलन पार खाली आलंय. चारा छावणीतून येतं तेवढंच दूध. सकाळी फॅट काढत बसलो तर खिडकीत दादा. छावणीत गाईला बघायला आलते. बाहेर माझी सायकल दिसली. कुणीतरी सांगितलं असणार, ही मिलिंदची.
दोनदा फेरी मारली तिच्याभोवती. टायर दाबून पाहिलं. ‘लई भारी हाय. अन् कॅरिअर कुठंय?’
मी खाली वाकून चेन बघायला लागलो.
‘काढून ठिवलं व्हय?’
‘दुकानात शिल्लक नव्हतं.’
‘मग कावून घेतली? थांबायचं व्हतं की. फसिवलं तुला त्या मुनीरनं. शिकलेल्या मानसाला लवकर फसवित्यात.’
म्हणलो, हो ना.
हो ना म्हणलो मी. मुनीरभाईनं रुमालानं पुसून दिलेली सायकल, अन् त्यांच्यावर आळ घालून मोकळा झालो. वर दादांनी मला पेढा दिला, गावच्या दुकानातला, कागदात बांधून आणलेला. खाल्ला. 

१३ मार्च, रविवार
दादा म्हणलते सायकल घेऊन ये, कॅरिअरसाठी माप घेतो. आता न्यावीच लागली. ग्रुपला ताप आहे म्हणून कळवलं.
गावात पोचलो तर टँकर नुकताच विहिरीत ओतून गेलता. सगळी वस्ती काठावर. दादांची काळी सायकल भरलेली, दोन्ही बाजूंना कॅन, कॅरिअरवर एक आडवा, अन् दादा हँडल धरून पायी. एक फेरी आपली, एक कौसाबाईची. कौसाबाई म्हणजे आमच्या शेजारची म्हातारी, तिची पोरं सुना सगळी कोयत्यावर, ऊस तोडायला. तिला गुडघ्यानं चालवत नाही.
मला बघून म्हणाली, ‘मिलिंदा, तुझ्या सायकलीवर माजी एक घागर येईन का रं?’
‘मावशी, जागाच न्हाई ओ तिच्यावर.’
तिनं मागच्या चाकावर हात फिरवला, वरून खालून, कॅरिअर कुठं लपलंय का बघितल्यागत. ‘खरंच की. आगं माय, पोराला फसिवलं.’ अन् माझ्या गालावरून हात काढून कडाकडा बोटं मोडली. मलाच. तिची घागर तिनं कमरेवर घेतली, अन् मी नवी सायकल धरून शेजारून चाललो. घागर घ्यायचं सुचलंच नाही, हे मी दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं. वहीत नको. सुचलं होतं. पण मग सायकल कुणी धरायची, असा विचार केला मी. खरंच केला.
दादांनी सुतळीनं चाकाचं माप घेतलं. गाठी मारल्या सुतळीला, खिशात ठेवली.

१९ मार्च
दादांचे फोन. ‘कधी येतो? वेल्डिंगवाला म्हनतो सायकल बघितल्याबिगर जमत न्हाई.’ सांगितलं, मार्च एंड चालूय, मान वर करायला वेळ नाही. मार्च एंड चालूच आहे, ते खोटं नाही. पण परवा याच मार्च एंडात डॉक्टरांबरोबर टायर बघायला नगरला जाऊन आलो.

२६ मार्च
संध्याकाळी घरी आलो तर गॅलरीत पोतं. आत कॅरिअर.
रेखा सांगत होती, दादा एसटीनं आले, पोतं मांडीवर घेऊन. स्वतःच्या सायकलीचं काढून आणलं. नवीन पत्र्याचं चांगलं नसतं म्हणे, वाकतं. आधी मुनीरभाईकडं जातो, कसं बसवायचं विचारतो, अन् बोलतो बी जरा त्याला, असं म्हणून गेले. तासाभरानं तसंच पोतं घेऊन परत. म्हणाले, ‘बसत न्हाई म्हने तिच्यावर. राहू दे हितंच. लागंल त्याला कवातरी.’ चहा न घेता गेले.
‘चेहरा उतरला होता हो त्यांचा,’ रेखा म्हणाली. ‘त्या दुकानदाराशी काही बोलणं झालं का?’
मला काय माहीत, म्हणलो. 
कॅरिअर बाहेर काढून पाहिलं. गंज नाही कुठं. दर दिवाळीला तेल लावतात. आमच्या वस्तीचं दूध संघात पहिल्यांदा घातलं ते ह्याच्यावरून. त्याच्या आधी गावात आमचं दूध कुणी घेत नव्हतं, अन् संघाच्या टाकीत मात्र सगळ्यांचं एकात ओतलं. दादा दर जयंतीला सांगतात हे. मी दर जयंतीला तेवढ्यापुरता उठून बाहेर जातो.

२८ मार्च
मुनीरभाईकडं गेलो. दोन दिवस धीर होत नव्हता. दुकानात गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत उगाच घंट्या वाजवून बघत बसलो.
‘तुमचे वालिद आलते,’ मुनीरभाईच म्हणाले. ‘चार लोकांत मला बोल्ले, माझ्या पोराला फसिवलं. मला पण आला राग. मी बोल्लो, बाबा, तुमच्या पोरानंच मागितली तशी. बोल्ला, कॅरिअर बसणारच नाही अशी द्या.’
‘मग?’
‘मग काय. पोतं खाली ठेवलं. मग माझे हात धरले, माफी मागितली. बोल्ले, पोरगं शिकलेलं हाय, काही इचार करूनच घेतली असंल.’ मुनीरभाईनं माझ्याकडं बघितलं नाही, चेन पुसत होते. ‘मला नव्हतं बोलायला पाहिजे साहेब.’
मी म्हणलो, नाही, तुमचं बरोबरच होतं. 
माफी दादांनी मागितली. चार लोकांत. मी केलेल्याची. अन् घरी येऊन रेखाला शब्दानं सांगितलं नाही, ‘बसत न्हाई म्हने’ एवढंच. मला झाकून गेले. मेल्याहून मेल्यासारखं होणं हे मी नुसतं ऐकून होतो.

३ एप्रिल, रविवार
कॅरिअर परत नेऊन द्यायचं ठरवलं. न्यायचं कशावर? माझ्या सायकलीला कॅरिअर नाही. हसू आलं, एकट्याला. शेवटी रेखाच्या जुन्या ओढणीनं पाठीवर बांधलं, लेकरागत. एसटीनं जाता आलं असतं, पण म्हणलं नको, हिच्यावरूनच जायचं.
ग्रुप भेटू नये म्हणून मागच्या गल्लीनं निघालो. तर नाक्यावर सगळे चहाला उभे. करायला गेलो एक.
डॉक्टर म्हणाले, ‘मिलिंद, पाठीवर काय, शिडी?’
‘भंगार हो. टाकायला चाललोय.’
हसले सगळे. मी पण. पाठीत एक नट रुतत होता, गावापर्यंत रुतत होता. सरकवला नाही. रुतू दिला.
दादा घरी नव्हते. काळी सायकल भिंतीला, मागून उघडी. कौसाबाई उंबऱ्यात होती. म्हणाली, ‘तुजा बाप खांद्यावर आनतुय पानी. मी म्हनलं कॅरिअर कुठंय, तर म्हनला पोराला दिलं, त्येला लागतंय.’
मी पाना घेऊन बसलो. निम्मं झालं अन् दादा आले. खांद्यावर कॅन, खाली टॉवेलची घडी. कॅन उतरवला, माझ्याकडं बघितलं, पाठीवरच्या ओढणीकडं बघितलं.
‘दादा, मुनीरभाईकडं मी परवा…’
‘पाना सरळ धर. आटे जातील.’
‘दादा, मी तेव्हा दुकानात…’
‘धर म्हनलं ना.’
त्यांनी खालून नट धरला, मी वरून आवळलं. दोघांची डोकी जवळ जवळ. त्यांच्या खांद्यावरची कातडी सोलली होती.  नंतर कौसाबाईची घागर मी आणली. त्यानं काय होतंय म्हणा.
निघताना दादा काळ्या सायकलीवर हात ठेवून म्हणाले, ‘आमाला संघानं हीच दिलती. कावून घेतली असं कुनी इचारलं न्हाई.’ रागानं नव्हते म्हणाले. तेच तर.

९ एप्रिल
जयंती आली. वस्तीत निळे झेंडे लागलेत, टँकर एक दिवसाआड झालाय.
रेखानं दादांना कार्यक्रमाला बोलवून टाकलं, मला न विचारता. ‘घरच्यांना आणा म्हणाले ना डॉक्टर? तुम्ही भाषण करणार म्हणल्यावर किती खूष झाले. विषय काय आहे म्हणून विचारत होते.’
‘सांगितलास?’
‘सांगितला की. सायकल का घेतली ते. दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, येतो.’
म्हणजे मी उभा राहून गिअर, घाट, शॉकअप बोलणार अन् समोर खुर्चीत तो माणूस ज्याला खरं माहीतंय. अन् तो टाळ्या वाजवणार. नक्की वाजवणार, अन् शेजारच्याला सांगणार, माझं पोरगं. ते मला जास्त…
डॉक्टरांना जमत नाही म्हणून कळवावं का? टाइप केलं. पुसलं.

१७ एप्रिल, रविवार
दादा उजाडतानाच आले, गावाहून सायकल मारत. कॅरिअरवर पाण्याचा एक कॅन. वस्तीत टँकर आता आठवड्यातून एकदा येतो कसाबसा, अन् हा माणूस आम्हाला पाणी घेऊन येतो. रेखाला म्हणाले, ‘रिकामी कशी आनू सायकल.’ कॅन उतरवायला मी गेलो. जड होता. पांढरा सदरा घातलाय, इस्त्रीचा. खिशाला पेन.
भाषण कागदावर लिहिलं होतं. ग्रुपची जर्सी घातली. रेखा शेजारच्या ताईंबरोबर पुढं जाणार. सगळ्यांनी आपापल्या सायकलीवर यायचं अन् हॉलसमोर रांगेत लावायच्या, असं डॉक्टरांचं फर्मान.
दादांना म्हणलो, चला. लाल सायकल काढली. ते तिच्याकडं बघत उभे राहिले.
‘हिच्यावर मी कुठं बसू?’
खरंच की. हिच्यावर दुसरा माणूस बसतच नाही. तशीच तर मागितली होती मी.
‘मी आपला चालत येतो, तू हो म्होरं. तुला उशीर नको,’ म्हणाले. आणि लगेच चपला घालायला लागले.
म्हणलो, थांबा. लाल सायकल परत गॅलरीत नेऊन लावली. म्हणलो, तुमची काढू. मी चालवतो, तुम्ही मागं बसा.
त्यांनी कॅरिअर हातानं पुसलं. मग, ‘तुज्या गुरूपची मानसं व्हतील तिथं.’
‘असू द्या.’
असू द्या म्हणालो खरं, पण डॉक्टर फाटकातच उभे असणार, तेच भंगार ओळखणार. पाणी प्यायचं म्हणून वर आलो अन् हे लिहीत बसलोय. कागद टेबलावर हाय, घ्यावा का नाही ते अजून ठरेना. तिथं उभं राहिल्यावर तोंडातून काय निघेल ते मलाच माहीत नाही. फाटकाच्या अलीकडं उतरायचं नाही एवढं मात्र…
खालून रेखा हाक मारतीय. म्हणती, लवकर या, दादांनी सीट तुमच्या मापाला वर करून ठेवलीय.