नानासाहेबांना बाधलेला तरोटा

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

करमाड, गुरुवार

साडूभाऊ मल्हारराव, मुक्काम सोयगाव, यांसी धाकट्या मुंजाबाचा मनापासून रामराम. इकडं आम्ही दोघं आणि चाळीस मेंढरं खुशाल आहोत. तुमचा गुडघा आणि हिच्या आक्कांचा खोकला कसा आहे ते कळवावं (दोन्हींपैकी एक तरी थांबला असेल).

कारण की, मागच्या आठवड्यात आमच्यावर माणूस मारल्याचा आळ येता येता राहिला. पाऊस पडल्यापासून म्हाळसा बांधावरच्या रानभाज्या खुडती आणि मी त्या शहरात उस्मानपुऱ्यातल्या बद्रीनाथ शेठच्या हॉटेलात पोचवतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्या हॉटेलाची तऱ्हा वेगळी. भाजी जवळच्याच रानातली लागती, आणि ती कुणाकडची ते दारातल्या फळ्यावर खडूनं लिहितात. 'तरोटा : म्हाळसाबाई, करमाड' हे वाचल्यापासून ही चार दिवस पदर सावरून चालत होती. (माझं नाव फळ्यावर नाय. मी नुसता पोचवतो.)

तर सोमवारी दुपारी शेठचा फोन आला. रविवारी आमचा तरोटा खाल्लेले नानासाहेब म्हणून कुणी रिटायर इंजिनिअर दवाखान्यात पडलेत, सलाईन लावलंय, त्यांच्या मंडळी म्हणत्यात की भाजीत विषारी पाला होता, तुम्ही दोघं निघून या. विषारी पाला म्हणल्यावर मला शनिवार आठवला. त्याचं असं झालं होतं की शनिवारी एक मेंढी अडली म्हणून ही तिकडं गुंतली आणि अर्धी पाटी मी एकट्यानं खुडली. वरून पाऊस, आणि मला सगळा पाला सारखाच दिसतो (हे लग्नात कुणी विचारलं नव्हतं). बसमध्ये घाम पुसत मी तिला सगळं सांगून टाकलं. तिनं एवढंच विचारलं, "मेलेत का ते?" म्हणलं, नाय. "मग गप बसा."

दवाखान्यात नानासाहेब खाटेवर, उशाशी त्यांच्या मंडळी मनकर्णाबाई, दाराशी तोंड उतरलेला बद्रीनाथ. उरलेली जुडी त्यानं पुरावा म्हणून जपून आणली होती. मी माफी मागायला हात जोडले तर हिनं ते खाली केले. फरशीवर बसून तिनं एकेक डहाळी तपासली. सगळा तरोटाच निघाला. माझ्या जिवात जीव आला, पण मनकर्णाबाईंच्या काही आला नाय. मग आजारी मेंढराजवळ बसावं तशी ही नानासाहेबांजवळ गेली आणि काय काय खाल्लं ते विचारलं. "तरोटा आणि भाकर, बस्स," असं ते छताकडं बघून म्हणाले. खुंटीला त्यांचा रविवारचा सदरा होता. हिनं त्याची बाही नाकाला लावली, उजेडात धरली. कोपरापर्यंत पिवळा तेलकट डाग.

"साहेब, आमच्या तरोट्याला मटणाचा रस्सा कधीपासून सुटायला लागला?"

मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या, "अहो, श्रावण चालू आहे."

नानासाहेबांनी डोळे मिटले. नर्सला वाटलं तब्येत बिघडली. मग मिटल्या डोळ्यांनीच कबूल झाले : हॉटेलातून निघाल्यावर पोट हलकं वाटलं, म्हणून बायकोला फिरून येतो सांगून एका दुकानात दोन प्लेट मटणाचा नान खलिया रिचवला, आणि रात्री पोट उठल्यावर नाव घ्यायला तरोटाच सोयीचा होता. साडूभाऊ, मी तिथंच भिंतीला टेकून बसलो, इतकं हलकं वाटलं. मनकर्णाबाईंनी आम्हाला चहा पाजला, हिची माफी मागितली, नवऱ्याशी मात्र बोलल्या नायत. बद्रीनाथनं फळ्यावर हिचं नाव दुप्पट मोठं काढलंय. मोठ्यांस नमस्कार, लेकरांस आशीर्वाद.

आपला
मुंजाबा

ता.क. शेठ करटुली मागतोय. तुमच्या डोंगराला असली तर बघा, घाई नाय.

आणखी ता.क. घाई याची आहे. निघताना नानासाहेबांनी माझा हात धरून, राग मानू नका म्हणून त्या खलियाच्या दुकानाचा पत्ता सांगितला होता. काल बुधवारी भाजी टाकली आणि पत्ता खरा आहे का ते बघायला गेलो. खरा आहे. रात्रीपासून पोट धरून पडलोय. हिला सांगितलंय की तुम्ही शहरात भेटला होता आणि आक्कांच्या डब्यातली वांगी आपण बसस्टँडावर खाल्ली. फोन घरात एकच, तो हिच्याकडं, म्हणून हा कागद तुमच्याकडं निघालेल्या रामकिसनच्या हाती पाठवतोय. ही विचारायच्या आत आक्कांना तयार करा. आपल्या हातचं बाधलं हे त्यांना सोसणार नाय, तर मग वांगी तुम्ही केली होती म्हणा. ते त्यांना लगेच पटेल.