अण्णांची अँबॅसिडर आणि माझे एकशेआठ पीस

१ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी
ऑनलाईन मागवलेल्या एकशेआठ पीसच्या पाना-सेटची पूजा केली. झेंडू, हळद-कुंकू, सगळं यथासांग. अण्णांची गंजकी हत्यारपेटी घटस्थापनेच्या आवराआवरीत भंगारवाल्याला दिली ते उत्तमच झालं. त्या पान्यांवर धड नंबर नव्हते, अपूर्णांक होते. मी तीस वर्षं गणित शिकवलंय. अपूर्णांक फळ्यावर शोभतात.

मधुवंतीचं लग्न ३० नोव्हेंबरला. पोरीनं एकच मागितलंय: आजोबांच्या अँबॅसिडरमधून सासरी जायचं आणि गाडी बाबांनी चालवायची. अण्णा गेल्यापासून गाडी भिंगारच्या घरामागे उभी आहे, सहा वर्षं. संकल्प: स्वतःच्या हातानं चालू करणार. अण्णांनी जन्मात गॅरेजची पायरी चढली नाही. मी त्यांचाच मुलगा.

५ ऑक्टोबर, सकाळ
नवी बॅटरी टाकली. किल्ली फिरवली की नुसतं ‘टक्’. व्हिडिओ पाहिला. स्टार्टर काढून साफ करायचा. दोनच बोल्ट. दहा मिनिटांचं काम.

५ ऑक्टोबर, संध्याकाळ
चौदाचा पाना बसत नाही, पंधराचा डुलतो. बोल्ट कोणीतरी चुकीचे लावलेत.

१२ ऑक्टोबर
कोपऱ्यावरचा मेकॅनिक कानिफनाथ डोकावून गेला. म्हणाला, सर, ही इंची गाडी हाय, हिला मिलीमीटरचे पाने चालत न्हाईत, इंची सेट बघा. आन् घाई असंल तर धक्का मारा, चालू हुईल. लग्नाच्या गाडीला धक्का! चहा पाजून वाटेला लावला.

मग शांतपणे गणित केलं. नऊ सोळांश इंच म्हणजे १४.२९ मिलीमीटर. पंधराच्या पान्याशी फरक ०.७१. नगण्य.

९ नोव्हेंबर
मध्ये दिवाळी आली, याद्या, पत्रिका. माझा दोष नाही.
आज पाना आणि बोल्टमधल्या फटीत लग्नपत्रिकेचा कागद दुमडून घातला आणि पान्याला पाईप लावून जोर दिला. पाना सटकला. बोटांची सालटी निघाली. वरच्या बोल्टचे कोपरे गेले, थोडा गोल झाला. वर्तुळ हा तसा परिपूर्ण आकार आहे.
बायको, सरोजिनी, म्हणाली, कानिफनाथला हाक मारू का. म्हटलं, अण्णांना काय वाटेल? ती म्हणाली, अण्णांना गाडी चालू झालेली बरी वाटेल. बायकांना यातलं कळत नाही.

१६ नोव्हेंबर
खालचाही गोल.
पण बाकी तयारी चोख आहे. कार्यालयात सगळ्यांसमोर रडारड करायची नाही असं ठरवलंय. मधुवंतीशी जे बोलायचं ते सावेडीला, तिच्या सासरी जाताना गाडीत, आरशात बघून. तीन वाक्यं पाठ केलीत. रोज अंघोळीच्या वेळी म्हणून बघतो. तिसऱ्याला आवाज जातो. सराव हवा.

२९ नोव्हेंबर
सरोजिनीनं मला न विचारता कानिफनाथला बोलावलं. तो कुठूनसे इंची पाने घेऊन आला. म्हणाला, नवरात्रात भंगारवाल्याकडनं उचलले सर, असलं लोखंड आता मिळत न्हाई, कुन्या येड्यानं भंगारात घातलं हुतं कोन जाने. प्रत्येक पान्यावर ‘श’ कोरलेला. अण्णांच्या नावातला, शरच्चंद्रमधला श. अण्णा फावल्या वेळात कोरायचे.
सरोजिनीनंही ‘श’ पाहिला आणि चहा टाकायला आत गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.
कानिफनाथ म्हणाला, हाच पाना बरुबर बसला असता, पन बोल्टच ऱ्हायला न्हाई. कापावा लागंल, दोन दिस द्या.
लग्न उद्या आहे.

१ डिसेंबर
काल गाडी धक्का मारूनच कार्यालयात नेली. पाठवणीलाही धक्काच. धक्क्यावर क्लच कधी सोडायचा ते मला जमेना, दोनदा बंद पाडली. म्हणून स्टिअरिंगवर कानिफनाथ बसला आणि मी मागे, व्याह्यांच्या शेजारी, फेटा सांभाळत ढकलायला. चालू झाली की पुढे जाऊन त्याच्या जागी बसायचं असं ठरलं होतं.
चालू झाली. पण थांबवली तर बंद पडेल म्हणून कानिफनाथनं थांबवलीच नाही. मागच्या काचेतून मधुवंती वळून काहीतरी म्हणत होती. इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी थोडा पळालो. मग दम लागला.
आज सकाळी तिचा फोन आला. विचारलं, बाबा, गाडीत का नाही बसलात? तीन वाक्यांतलं एकही आठवेना. म्हटलं, अगं, चौदाचा बसत नाही आणि पंधराचा डुलतो.
ती म्हणाली, माहीत आहे बाबा.